हिल्डा गॅरडची खाली यायची वाट

हिल्डा गॅरड गेली तर रॉय बोरेटला काय काय मिळणार होतं, ते आधी सांगतो. म्हणजे पुढचं नीट कळेल.

भिंतीपलीकडचं अर्धं घर मिळणार होतं. त्यातलं दक्षिणेचं, उन्हाचं स्वयंपाकघर मिळणार होतं, ज्याच्यावर रॉयची बायको ग्लेंडा लग्न होऊन आल्या दिवसापासून डोळा ठेवून होती. मागच्या अंगणातलं पेअरचं झाड होतं. पण हे सगळं वरकड. खरी गोष्ट म्हणजे त्याची लेक, केरी. एकुलती एक. ती नवऱ्याबरोबर शहरात मासे तळणाऱ्याच्या दुकानावरच्या खोलीत राहायची. केसांना तेलाचा वास, भिंतींना ओल. तिचा नवरा ट्रक चालवायचा आणि दर रविवारी तेच म्हणायचा, "आपण लीड्सला माझ्या आईकडे जाऊ." लीड्स म्हणजे नाताळात एकदा भेट. हिल्डाचं अर्धं घर म्हणजे रोज भिंतीवर टकटक केलं की लेक हजर.

आता याला हाव म्हणायची की माया, ते तुम्ही ठरवा. मी रॉयला लहानपणापासून ओळखतो. त्याच्यात दोन्ही एकाच कपात ढवळलेली असतात.

गोष्ट खरी आहे. मी थेल्डम गावातच राहतो, त्या घरापासून थोडं पुढे. रॉयच्या तळहातांवरचे वळ मी पाहिलेत. मला हे रॉयने सांगितलं, ग्लेंडाने सांगितलं, अंत्यविधीवाल्या मिस्टर फिस्कनेही सांगितलं. तिघांच्या सांगण्यात फरक एवढाच, की प्रत्येक जण म्हणतो, बाकीचे दोघं जास्त घाबरले होते.

आणि मध्यरात्रीची वाट बघू नका. यात मध्यरात्र नाहीच.

जे झालं ते नोव्हेंबरात, दुपारच्या चहाला झालं. आमच्याकडे तेव्हा सूर्य बुडालेला असतो, पण दिवा लावायला माणूस अजून कुरकुरत असतो. त्या वेळी...

पण आधी घर.

इस्टेटीच्या मोठ्या वाड्याच्या, थेल्डम हॉलच्या, रस्त्याला लागून ही घरं एका जुन्या लॉर्डने शेतावरच्या गड्यांसाठी बांधली. म्हणजे म्हणायला गड्यांसाठी. खरी बांधली ती बग्गीतून येणाऱ्या पाहुण्यांसाठी, त्यांनी पडदा सारून "वा!" म्हणावं म्हणून. एका छपराखाली दोन घरं, आरशात बघितल्यासारखी. मधोमध दोघांचं मिळून एक धुराडं, विटांना पीळ देऊन चढवलेलं. छपराच्या कडेला कोरीव फळ्या, खिडक्यांना हिऱ्याच्या आकाराच्या काचा, सगळ्या दारांना इस्टेटीचा तोच तो हिरवा रंग. लॉर्डची सगळी हौस समोरच्या भिंतीत संपली. आत शिरलात की कोंबड्यांचं खुराडं. जिना तर धुराड्याला वेटोळं घालून वर जातो, इतका अरुंद की ग्लेंडा धुण्याची टोपली घेऊन आडवी चालते.

अशा जिन्यावरून शवपेटी उतरत नाही.

म्हणून बांधणाऱ्यांनी वरच्या खोलीच्या जमिनीत माणसाच्या लांबीची झडप ठेवली. न ठोकलेल्या फळ्या, आणि बरोबर त्यांच्यावर, आढ्याच्या तुळईला, दोन लोखंडी आकडे. वर मेलेला माणूस असाच खाली यायचा. निजलेला, पाय पुढे, पट्ट्यांवरून सावकाश. आणि तिथून सरळ समोरच्या दाराने बाहेर. ते दार एरवी कोणी उघडत नाही. दूध, टपाल, भांडण, सगळं मागच्या दाराने. समोरचं दार नव्या नवरीला, बारशाच्या पोराला आणि मढ्याला.

हिल्डा गॅरडचा बाप तसा गेला, आई तशी गेली. रॉयची आईही, त्याच्या अर्ध्या घरातून, तशीच गेली.

हिल्डाने लग्न केलं नाही. ती इस्टेटीच्या धुलाईघरात राबली, मग म्हातारी झाली. रबरी टोपीची काठी टेकत चालायची. टुप... टुप... आणि हाताला लागेल ती गोष्ट हिरव्या सुतळीने बांधून ठेवायची. कांदे, जुनी वर्तमानपत्रं, मोडकी छत्री. "एक दिवस मलासुद्धा बांधून ठेवेल," रॉय म्हणायचा. तिला आंटी हिल्डा म्हणतच तो वाढला होता. त्याला भूक लागली की तो तिच्या मागच्या दाराशी उभा राहायचा आणि ती काही न विचारता पावाला लोणी लावायची.

घरं अजून इस्टेटीचीच, आम्ही सगळे भाडेकरू. तिच्या साहेबांनी रॉयला आडून सांगितलं होतं. म्हातारीनंतर दोन्ही अर्धी एक करून तुम्हाला देता येतील, पण घराची निगा राखणारा भाडेकरू आम्हाला बरा वाटतो.

झालं. रॉय त्याच हिवाळ्यात शिडी घेऊन हिल्डाच्या स्वयंपाकघरात हजर.

"आंटी हिल्डा, या झडपेतून किती गार वारा येतो तुमच्यावर! बंद करून टाकतो. खालून नवं छत, मधे छान दिवा."

"आणि मला खाली कसं आणणार रे?"

"तुम्ही शंभर वर्षं जगणार."

"तेव्हा तू असशील का? तुझं पोट बघ."

रॉय हसला. वर जाऊन फळ्यांना खिळे ठोकायला लागला. ती खाली काठीवर हनुवटी टेकून बसली होती.

"रॉय, ऐक. त्या जिन्यावरून मला उभी नेऊ नका. मी काही झाडू नाही, कोपऱ्यात उभी करायला."

"नाही नेणार."

"खिळे काढशील?"

"काढीन ना, आंटी."

"फेकू नकोस मग. चांगले खिळे आहेत. बशीत ठेव."

पुढच्या नोव्हेंबरात, एका मंगळवारी, चहाच्या वेळी ती वर पलंगावर निजल्या निजल्या गेली. चेहरा शांत होता म्हणतात. गावात सगळ्यांचाच चेहरा नंतर शांत असतो.

मिस्टर फिस्क आला. फिस्कच्या घराण्याने थेल्डमची माणसं किती पिढ्या पुरली देव जाणे. त्याने वर बघितलं. गुळगुळीत पांढरं छत, मधे दिवा.

"रॉय, झडप कुठाय?"

शुक्रवारी साहेब घर बघायला येणार होते. ते छत म्हणजे रॉयचा सगळा अर्ज होता. ते फोडायचं म्हणजे...

"ती केव्हाच गेली," रॉय म्हणाला. "आता उघडत नाही."

"उघडत नाही, का उघडायची नाही?"

"मिस्टर फिस्क, तुमच्याकडे आता नवीन सोयी असतील ना?"

फिस्कने टोपी काढली, पुन्हा घातली. त्याच्या माणसांनी पेटी जिन्याच्या वळणावर उभी केली. धुराड्याभोवती फिरवली. आणि फिरवताना आत काहीतरी घसरलं...

धप्प.

पायांकडे.

कोणी कोणाकडे बघितलं नाही. ग्लेंडा खाली होती, तिने किटली उगाच दुसऱ्या बाजूला ठेवली. फिस्क जाताना एवढंच म्हणाला, "माझ्या आजोबांनी मला या घराबाहेर हाकललं असतं."

शुक्रवारी साहेबांना छत फार आवडलं.

पुढचं सगळं रॉयच्या मनासारखं झालं. मधली भिंत फोडून दोन्ही स्वयंपाकघरांमध्ये एक मोकळी कमान निघाली. हिल्डाच्या मागच्या दाराच्या जागी केरीसाठी न्हाणीघर झालं. समोरच्या दाराला मात्र इस्टेटीचा नियम आडवा आला. बाहेरून घराचा चेहरा बदलायचा नाही, दार दिसलंच पाहिजे. ग्लेंडाला तर त्याच भिंतीवर कपाटं हवी होती. मग रॉयने डोकं चालवलं. बाहेरून दार तसंच ठेवलं. हिरवा रंग, पितळी कडी, दोन्ही बाजूंना गुलाब. आतून विटा रचल्या, गिलावा केला, कपाटं टांगली.

बाहेरून दार. आतून भिंत.

साहेब म्हणाले, "फारच छान जमलंय, मिस्टर बोरेट." आमच्याकडे सगळे नियम असेच पाळतात.

सप्टेंबरात केरी आली. पोट पुढे, गालावर रंग. नाताळाच्या सुमारास बाळ येणार होतं. नवरा आठवड्यातले बरेच दिवस ट्रकवर. रॉय कमानीतून दिवसभर ये-जा करायचा, अंडी दे, शेगडी पेटव.

"डॅड, तुझं घर तिकडे आहे," केरी म्हणायची.

"आता हे सगळं एकच घर आहे."

नोव्हेंबर लागला.

एका दुपारी केरी खाली उन्हाच्या स्वयंपाकघरात चहा घेत होती. ऊन नुकतंच गेलं होतं. वर कोणीतरी चाललं.

टुप... टुप... टुप...

मऊ आवाज. रबराचा.

तिला वाटलं, आई असेल. तिने कमानीतून पाहिलं. आई पलीकडे बटाटे सोलत होती.

टुप... टुप... आवाज जिन्याच्या तोंडाशी गेला.

थांबला.

खाली आला नाही.

मग परत फिरला. आता तो चालण्याचा आवाज नव्हता. कलिंगड घेताना आपण टिचकी मारून बघतो, तसं कोणीतरी जमिनीवर काठी आपटून बघत होतं. इथे भरीव. इथे भरीव. इथे...

पोकळ.

केरीच्या चहात पांढरी भुकटी पडली.

ती वर गेली. खोली रिकामी.

रॉयला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "जुनं लाकूड आहे. थंडीत आखडतं."

"लाकूड काठी घेऊन चालतं का?"

"तुझ्या आईला विचार. तू पोटात असताना तिला छपरावर घोडे ऐकू यायचे."

"एकच घोडा होता," ग्लेंडा पलीकडून म्हणाली, "आणि तो पबमधून परत आलेला तू होतास."

हसले सगळे. पण दुसऱ्या दिवशी त्याच वेळी पुन्हा. तिसऱ्या दिवशीही. आधी जिन्याच्या तोंडाशी जायचं, तिथे थबकायचं. मग फिरून त्याच एका जागी. टुप. टुप. टुप. रॉय स्वतः खाली बसून ऐकायला लागला. तो ऐकायचा, आणि टेबलावर पडलेली भुकटी बाहीने पुसून टाकायचा. जसं काही पुसली की पडली नाही.

छताला चीर गेली. आधी दिव्यापासून निघालेली केसाएवढी रेघ. मग ती वळली. काटकोनात. पुढे गेली, पुन्हा वळली...

रविवारपर्यंत छतावर एक चौकट उमटली होती. माणसाएवढी लांब.

रॉयने ती भरली. सोमवारी ती परत आली, जास्त सरळ.

"डॅड," केरी म्हणाली, "तू आंटी हिल्डाला काही कबूल केलं होतंस का?"

"मी? कशाबद्दल?"

मुलींना बापाचं खोटं ऐकू येतं.

मग तो गुरुवार.

दुपारी केरी वर जाऊन पडली. पलंग खोलीच्या मधोमध होता. खाली जाड गालिचा, गालिच्याखाली ती ठोकलेली झडप. तिला गाढ झोप लागली. जाग आली तेव्हा खिडकीत अंधारत होतं. तिला वाटलं, खिडकी जवळ कशी आली?

खिडकी नव्हती आली.

पलंग भिंतीला लागला होता. तिच्यासकट. अलगद. तिच्या अंगावरचं पांघरूण जास्तच नीट सारखं केलेलं होतं.

मधल्या फळ्या उघड्या पडल्या होत्या. गालिचा गुंडाळून कोपऱ्यात ठेवला होता.

हिरव्या सुतळीने बांधून.

आणि खिडकीच्या कट्ट्यावर एक बशी. बशीत खिळे. एकही वाकलेला नाही...

केरी त्या अरुंद जिन्यावरून कशी उतरली तिचं तिला माहीत. खाली येऊन तिने कोट घातला. तिचा आवाज अगदी शांत होता, आणि रॉय म्हणतो की त्यालाच तो सगळ्यात जास्त घाबरला.

"शनिवारी ट्रक घेऊन तो परत आला की आम्ही लीड्सला जातोय."

"केरी, अगं बाळ—"

"बाळ म्हणूनच. तिने मला काही केलं नाही, डॅड. तिने मला बाजूला सरकवलं फक्त. वाटेत होते म्हणून. उद्या पाळणा वाटेत आला तर?"

इतक्या वर्षांचा बेत, तोडलेली भिंत, न्हाणीघर, कपाटं, सगळं एका बशीत येऊन पडलं होतं. त्याने ग्लेंडाला खरं सांगितलं. वचनाचं. ग्लेंडा बराच वेळ बटाट्याची सुरी पुसत राहिली.

"म्हणजे तू खिळे काढायला हो म्हणालास."

"हो."

"आणि नाही काढलेस."

"शुक्रवारी साहेब येणार होते गं."

"मग आता साहेबांनाच बोलाव पेटी उतरवायला. गाढवा, फिस्ककडे जा."

फिस्क शुक्रवारी चहाच्या वेळेला आला. काळा कोट, टोपी, आणि खांद्यावर गुंडाळलेले रुंद पट्टे. जुने, आजोबांच्या वेळचे.

"पेटी लागेल का?" रॉयने विचारलं.

"पेटी तिच्याजवळ आहे," फिस्क म्हणाला. "पट्टे पुरेत."

"मिस्टर फिस्क, तुमचा या सगळ्यावर विश्वास आहे?"

"माझा कामावर विश्वास आहे. अर्धं टाकलेलं काम मला आवडत नाही. माझ्या नावावर एक आहे, तुझ्यामुळे."

रॉयने खालून छत फोडलं. स्वतःच्या हाताने लावलेलं, साहेबांना फार आवडलेलं. दिवा काढून ठेवला. मग ते दोघं वर गेले. ग्लेंडा खाली थांबली. केरीला चार घरं पलीकडे, माझ्याकडेच, बसवून ठेवलं होतं. माझ्या बायकोने तिला केक दिला. तो तिने कुस्करला, खाल्ला नाही.

फळ्या सहज उचलल्या गेल्या. फिस्कने पट्टे आकड्यांवरून टाकले, झोळी करून झडपेतून थोडे खाली सोडले. रिकामी झोळी. दोघांनी टोकं धरली.

उजेड जात होता.

काहीच नाही.

रॉयला आपण मूर्ख दिसतोय असं वाटायला लागलं. एक साठीचा माणूस, हातात पट्टा, समोर काळ्या कोटातला दुसरा, मधे भोक.

टुप.

जिन्याच्या तोंडाशी.

टुप... टुप... जवळ येत गेलं. रॉयच्या पाठीमागून. त्याने मान वळवली नाही. फिस्क म्हणाला, "बघू नकोस. पट्टा धर."

टुप.

मग काठी जमिनीवर आडवी ठेवल्याचा आवाज.

आणि पट्टा ताणला गेला...

एकदम नाही. पलंगावर म्हातारं माणूस बसतं, मग कुशीवर होतं, मग पाय वर घेतं, तसं वजन आलं. थोडं थोडं. रॉयच्या मुठी आवळल्या. आकडे करकरले.

"सावकाश," फिस्क म्हणाला. "पाय आधी."

"ती... ती इतकी जड नव्हती."

"आता आहे. सोड. हळू."

पट्टा तळहातातून सरकला. कातडी जळाली. रॉयने सोडला नाही, हे मात्र मी त्याच्या बाजूने सांगीन. यावेळी त्याने सोडला नाही.

खाली ग्लेंडाने जे पाहिलं ते तिने मला एकदाच सांगितलं. छतातल्या त्या भोकातून पट्ट्यांची झोळी खाली आली. ताठ. मधे खोलगट. जसं तिच्यात कोणी निजलंय. पण निजलेलं कोणी नव्हतं. झोळी अगदी आडवी, सरळ, जमिनीला लागली.

आणि सैल पडली.

एक लांब श्वास सुटला. ग्लेंडा म्हणते, तो तिचा स्वतःचा असेल. म्हणताना ती माझ्याकडे बघत नाही.

फिस्क जिन्याने खाली आला. टोपी छातीशी धरून त्याने त्या जागेसमोर मान झुकवली. "मिस गॅरड, उशिराबद्दल माफी." मग रॉयकडे वळून म्हणाला, "आता दार उघड."

रॉय तसाच उभा.

"समोरचं दार, रॉय."

रॉयने कपाटांकडे बघितलं. ग्लेंडाने रॉयकडे बघितलं.

"दार बाहेर आहे," रॉय म्हणाला.

"आणि आत?"

"आत... भिंत."

फिस्कने ऐकल्यावर डोळे मिटले. "मागचं?"

"तिथे न्हाणीघर."

"मग ती जाणार कुठून, शहाण्या?"

त्या स्वयंपाकघराला बाहेर पडायला आता एकच वाट होती. कमान. आणि कमानीपलीकडे रॉयचं अर्धं घर.

"तुझं दार उघड! पळ!"

रॉय पळाला. त्याचं समोरचं दार त्याच्या आईच्या मढ्यानंतर उघडलंच नव्हतं. इस्टेटीच्या हिरव्या रंगाचे थरावर थर बसून ते चौकटीला चिकटलं होतं. त्याने खांदा लावला. हललं नाही. पुन्हा लावला. आणि त्याच्या मागे, त्याच्याच स्वयंपाकघराच्या फरशीवर...

टुप... टुप... टुप...

सवडीने. पाहुणा घर बघतो तसं.

तिसऱ्या धक्क्याला दार उघडलं. बाहेरचा गार वारा आत आला, ओल्या पानांचा वास आला. रॉय बाजूला होऊन भिंतीला चिकटला, वाट मोकळी करून. बराच वेळ उभा राहिला.

बाहेर कोणी गेलं नाही.

मागे शेगडीजवळची त्याची खुर्ची करकरली. कोणीतरी नीट टेकून बसावं, तशी.

दुसऱ्या दिवशी सकाळीच रॉयने कपाटं उतरवली, विटा फोडल्या, हिल्डाचं दार आतून मोकळं केलं आणि सताड उघडं ठेवलं. कपाटं गेली खड्ड्यात. बिजागऱ्यांना तेल घातलं. "आंटी हिल्डा," तो चारचौघांत, भर उजेडात म्हणाला, "तुमचं दार उघडंय." रस्त्यावरून जाणाऱ्या पोस्टमनने हात केला.

पण तिला आता तिकडे जायचंच नव्हतं.

केरीच्या बाजूला त्या दिवसापासून एक आवाज नाही. भुकटी नाही. झडप मोकळी आहे, वर गालिचा, वर पाळणा, आणि पाळणा आपल्या जागी राहतो. लीड्सचं नाव कोणी काढत नाही. नाताळाच्या आधी मुलगी झाली. बारशाला तिला हिल्डाच्या समोरच्या दारानेच आणलं. रॉयने तिला उचललं तेव्हा त्याचे डोळे भरून आले होते. म्हणजे जे हवं होतं ते सगळं, अगदी सगळं, त्याला मिळालं.

फक्त त्याच्या बाजूला...

त्याच्या बाजूच्या झडपेलाही त्याने आईनंतर, वारा येऊ नये म्हणून, खिळे मारले होते. जानेवारीत एका सकाळी तो आणि ग्लेंडा झोपेतून उठले तर पलंग भिंतीला लागलेला. गालिचा कोपऱ्यात. हिरवी सुतळी. ग्लेंडाच्या उशाशी नाही, रॉयच्या उशाशी, बशी.

त्याने खिळे परत ठोकले. पुन्हा बशी.

ग्लेंडाने उशी उचलली आणि कमानीपलीकडे गेली. ती आता नातीच्या खोलीतच झोपते.

"मी तुला सोडून गेले नाही," ती म्हणते, "एकच घर आहे ना?"

रॉय वर झोपत नाही. खाली बाकावर झोपतो, झडपेपासून लांब. डॉक्टरने त्याला छातीचं काहीतरी सांगितलंय. गोळ्या घेतो. वर मात्र रोज कोणीतरी तयारी करून ठेवतं. त्याला खाली उतरवायची, निजवून, पाय पुढे, अगदी रीतसर. आता ही तिची माया की टोमणा, ते मला विचारू नका. हिल्डातही दोन्ही एकाच कपात असायची.

फिस्क म्हणतो काम पुरं झालं. पण तो त्या रस्त्याने येत नाही, मागच्या शेतातून वळसा घालतो.

तर हिशोब असा. केरीला घर मिळालं. ग्लेंडाला उन्हाचं स्वयंपाकघर. इस्टेटीला दोन्ही दारं जागेवर दिसतात, साहेब खूश. अर्धं घर मिळवायला निघाला रॉय, आणि अर्धं घर मिळालं हिल्डाला. त्याचं.

परवा मी त्याच्याकडे चहाला गेलो होतो. नोव्हेंबर नव्हता, पण ढग होते, आत अंधारलं होतं. समोरचं दार उघडं, त्यामुळे गारठा. शेगडीजवळ दोनच खुर्च्या. त्याने तीन कप भरले. एक माझ्या हातात दिला. एक दुसऱ्या खुर्चीच्या हातावर, जपून, ठेवला. तिसरा स्वतः घेतला.

"बस ना, रॉय," मी म्हटलं.

त्याने त्या खुर्चीकडे बघितलं. मग माझ्याकडे. कसंनुसं हसला. आणि जिन्याजवळच्या कोपऱ्यात, झाडूशेजारी, जाऊन उभा राहिला.

तिला त्याने एकदाच उभं केलं होतं. तो अजून उभाच आहे.